टपालपेटी, तिची किल्ली आणि सरकार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून निकालांविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी आणि मुलींच्या शिक्षणाविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली, म्हणून मी मुद्दाम थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या मोबाईलमधील निरोप, फोटो आणि कागदपत्रे आज एका अदृश्य कुलपात असतात. त्या कुलपाची किल्ली सरकारने मागावी का, आणि मागितली तर ती कोणत्या अटींवर द्यावी, हा तो विषय. हा वकिलांचा किंवा इंजिनियरांचा प्रश्न आहे असे कोणाला वाटेल. परंतु ज्या घरात मोबाईल आहे त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. गुप्त लिपीला इंग्रजीत 'सायफर' म्हणतात. हा शब्द अरबी 'सिफर' या शब्दापासून आलेला आहे. सिफर म्हणजे शून्य, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. या शास्त्रात अरब विद्वानांचा वाटा मोठा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्ववेत्त्याने गुप्त लिपी कशी उलगडावी यावर एक ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती सोपी होती. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित येतात. मराठीतही काना जितक्या वेळा येतो तितक्या वेळा 'ठ' येत नाही. गुप्त मजकुरातील चिन्हे मोजली की कोणते चिन्ह कोणत्या अक्षराऐवजी आले आहे, याचा अंदाज बांधता येतो. पुढे अनेक शतके हीच युक्ती जगभरच्या हेरखात्यांना उपयोगी पडली.

आजचे कुलूप मात्र अशा मोजणीने उघडत नाही. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी एक नवा विचार मांडला, आणि त्यातून आजची पद्धत वाढली. विद्यार्थ्यांना समजावे म्हणून मी टपालपेटीचे उदाहरण देतो. रस्त्यावरच्या टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, परंतु ती उघडण्याची किल्ली एकाजवळच असते. आता अशी कल्पना करा की प्रत्येक माणसाजवळ स्वतःची अशी एक पेटी आहे आणि तिची किल्ली फक्त त्याच्याच खिशात आहे. पत्र वाहून नेणाऱ्या कंपनीजवळसुद्धा ती नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून आपल्या सर्व ग्राहकांचे निरोप अशा कुलपात घातले. २०२१ साली आपल्या सरकारनेच दिलेल्या आकड्यानुसार भारतात व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी होते. म्हणजे राजेमहाराजांच्या वकिलातींना पूर्वी जे मिळत नव्हते ते कुलूप आज रिक्षावाल्याच्या आणि मासळीवालीच्या हाती फुकट आले आहे. सरकारांची अडचण इथूनच सुरू होते.

सरकारचे म्हणणे काय आहे ते आपण प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी आली अशा अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती भिक्षुकीवर पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसे होती. त्या वर्षी अशा घटना देशात इतरत्रही घडल्या. मोबाईलवरून पसरणाऱ्या अफवांनी त्यात मोठा वाटा उचलला होता. शिवाय लहान मुलांचे लैंगिक शोषण करणारे आणि दहशतवादी यांनाही हेच कुलूप उपयोगी पडते. तेव्हा सरकार विचारते की, पोलिसांनी गुन्हेगार शोधावा तरी कसा? हा प्रश्न बनावट नाही. ज्यांची माणसे राईनपाड्यात मेली त्यांना 'खासगीपणा हा मोठा हक्क आहे' एवढे सांगून त्यांचे समाधान होणार नाही.

आता कायद्याकडे वळू. लोकांचे बोलणे ऐकण्याचा आणि पत्रे उघडण्याचा अधिकार आपल्याकडे इंग्रजांनी निर्माण केला. १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा हे त्याचे मूळ. स्वातंत्र्यानंतरही ते कायदे राहिले. १९८६ साली टपाल उघडण्याचा अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले, परंतु राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि तो कायदा कधीच अमलात आला नाही. १९८८ साली कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन चोरून ऐकण्याच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर नियम घालून दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी तर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि उपाय गरजेपुरताच हवा. हा दावा निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी दाखल केला होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. २०१९ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश याच तत्त्वावर रद्द केले.

१८८५ आणि १८९८ च्या त्या जुन्या कायद्यांच्या जागी २०२३ साली नवे कायदे झाले. ऐकण्याचा आणि उघडण्याचा अधिकार त्यांतही कायम आहे. संगणकावरील माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम आहे. त्यानुसार सरकार कुलूपबंद माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते, आणि मदत नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा आदेश न्यायाधीश देत नाहीत. तो सामान्यतः गृहसचिव देतात आणि त्याची तपासणी सचिवांचीच समिती करते. ही गोष्ट पुढे पुन्हा लागेल.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवे नियम जाहीर केले. पन्नास लाखांहून अधिक ग्राहक असलेल्या निरोपसेवांनी, आदेश मिळाल्यास, एखादा निरोप देशात सर्वप्रथम कोणी पाठवला ते सांगावे, असा त्यातील एक नियम आहे. न्यायाने बोलायचे तर त्याला मर्यादाही घातलेल्या आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांचे लैंगिक शोषण अशा गुन्ह्यांसाठीच तो आहे. कमी त्रासाचा दुसरा मार्ग असेल तर असा आदेश देऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी न्यायालयाला सांगितले की, कुलूप तोडायला लावले तर आम्हाला हा देश सोडावा लागेल. कंपनीला आपल्या धंद्याची काळजी आहे, हे उघड आहे. आपण आपली काळजी करू.

पालकहो, या नियमातील एक वाक्य आपल्या घरांना फार जवळचे आहे. निरोप मूळ परदेशातून आला असेल, तर भारतात तो ज्याने प्रथम पाठवला त्यालाच मूळ पाठवणारा समजावे, असे तो नियम म्हणतो. आपल्यापैकी कितीतरी घरांतील माणसे दुबई, कुवेत, मस्कत, दोहा येथे आहेत. तिकडून एखाद्या नातेवाइकाने काही चित्र किंवा बातमी पाठवली, ती आपल्या अकरावीतल्या मुलाने 'हे खरे आहे का रे?' असे विचारत वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकली, आणि पुढे कोठेतरी तिच्यावरून तंटा झाला, तर कायद्याच्या दृष्टीने मूळ पाठवणारा कोण? तो मुलगा. ज्याने ती खोटी बातमी रचली तो परदेशात सुखाने बसलेला असेल. मी कोणाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. नियमाच्या शब्दांतून जे निघते तेवढेच सांगत आहे.

हा शोध लागणार तरी कसा? प्रत्येक निरोपावर आकड्यांचा एक शिक्का मारावा आणि त्या शिक्क्यांची नोंद ठेवावी, असा एक उपाय सुचवला गेला. परंतु निरोपातील एक अक्षर बदलले की शिक्का बदलतो. मुरलेला गुन्हेगार ते अक्षर बदलील. साधा माणूस जसाच्या तसा निरोप पुढे ढकलील. म्हणजे जाळ्यात लहान मासळी सापडणार आणि मोठी निसटणार. शिवाय उद्या एका निरोपाचा माग काढायचा म्हणजे आज सगळ्या कोट्यवधी निरोपांची नोंद ठेवावी लागेल, कारण उद्या कोणता निरोप विचारला जाईल हे आज कोणालाच ठाऊक नसते. एका चोरासाठी साऱ्या गावाच्या बोटांचे ठसे रोज घ्यावेत, तसे हे आहे.

याहून मोठी अडचण अशी की, कुलपाला माणूस ओळखता येत नाही. दुसरी किल्ली बनवली की ती ज्याच्या हाती पडेल त्याचे काम करील, मग तो पोलीस असो की चोर. हे केवळ तर्काने सांगत नाही, जगात घडलेले सांगतो.

ग्रीस देशात २००४ ते २००५ या काळात तेथील एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत कोणीतरी शिरून शंभराहून अधिक लोकांचे फोन ऐकले. त्यांत खुद्द पंतप्रधान करामनलिस यांचा फोन होता. चोरांनी स्वतःची वाट खणली नव्हती. पोलिसांना कायदेशीरपणे फोन ऐकता यावेत म्हणून यंत्रात जी सोय असते, तीच त्यांनी वापरली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना अशी सोय ठेवणे भाग पाडले होते. २०२४ साली उघड झाले की, चीनशी संबंधित हेर अमेरिकेच्या मोठ्या टेलिफोन कंपन्यांत शिरले आणि त्या कायदेशीर सोयीच्या यंत्रणेपर्यंतही त्यांचे हात पोहोचले. गंमत अशी की, ज्या सरकारचे पोलीस वर्षानुवर्षे कुलपांविरुद्ध तक्रार करीत आले, त्याच सरकारच्या सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांच्यावर हेरांची नजर असू शकते अशा मोठ्या पदांवरील लोकांना, कुलूपबंद निरोपच वापरा असा सल्ला दिला.

ब्रिटनचे उदाहरण याहून ताजे आहे. तेथील सरकारने २०१६ च्या कायद्याखाली ॲपल कंपनीला गुप्त नोटीस दिली आणि ग्राहकांच्या साठवलेल्या कुलूपबंद माहितीत प्रवेश मागितला. ही बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये फुटली. ती नोटीस अशी की, ती मिळाली आहे हे सांगण्यासही कंपनीला मनाई. त्याच महिन्यात ॲपलने ब्रिटनमधील ग्राहकांसाठी आपले सर्वांत मजबूत कुलूपच काढून घेतले. म्हणजे गुन्हेगार सापडला की नाही ते बाजूलाच राहिले, पण तेथील सामान्य नागरिकाची पेटी मात्र कमकुवत झाली.

मग पोलिसांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. २ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथे एका पती-पत्नीने चौदा माणसांना गोळ्या घालून मारले. ते नावाने मुसलमान होते. त्या कृत्याचा निषेध करताना आपली जीभ अडखळता कामा नये. त्या मारेकऱ्याचा आयफोन पोलिसांना मिळाला, परंतु उघडेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ॲपलला हुकूम केला की, हा फोन उघडता यावा म्हणून खास प्रणाली बनवून द्या. ॲपलने नकार दिला. ती प्रणाली एकदा बनली की एका फोनपुरती राहणार नाही, असे तिचे म्हणणे होते. मोठा वाद झाला. मार्चअखेरीस तपासखात्याने अर्ज मागे घेतला, कारण बाहेरच्या एका तज्ज्ञाच्या मदतीने तो फोन उघडला गेला होता. यातून बोध हा की, एका संशयिताचा एक फोन मेहनतीने उघडणे आणि सर्वांच्या फोनांना दुसरी किल्ली बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट तपास आहे. तिला माझा विरोध नाही, आणि कोणाचाच असू नये. कोण कोणाशी केव्हा बोलला ही माहिती, बँकेचे व्यवहार, साक्षीदार, जप्त केलेला फोन, हे सारे मार्ग पोलिसांना आजही खुले आहेत.

आमच्या शाळेच्या पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा दोन प्रश्न आले. ते आपल्याही मनात असतील. एका पालकांनी विचारले, "सर, आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?" मी त्यांना म्हटले, चाचा, आपल्या दाराला पडदा आहे तो काय चोरीचा माल लपवण्यासाठी आहे? लपवणे वेगळे आणि खासगी असणे वेगळे. मुलीच्या आजाराचा रिपोर्ट, आलेल्या स्थळाची बोलणी, भावाभावांतील जमिनीचा वाद, परदेशातून आलेला पगार, बायकोने नवऱ्याला लिहिलेले दोन शब्द, यांत गुन्हा काहीच नाही. तरीही ते चावडीवर वाचण्यासाठी नाहीत. दुसऱ्याच्या दारी गेल्यावर आधी सलाम करावा, होकार मिळाल्यावरच आत पाऊल टाकावे, आणि कोणाच्या गोष्टी चोरून धुंडाळू नयेत, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. सरकारलाही हीच रीत लागू असावी, एवढेच आपले मागणे आहे.

दुसरे पालक हळू आवाजात म्हणाले, "सर, आपल्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते. आपल्या मुलांनी असले प्रश्न विचारूच नयेत. उगाच नजरेत येतील." ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बापाच्या काळजातून ती निघालेली आहे. परंतु मुलांना गप्प राहण्याची सवय लावून ती भीती जाणार नाही. हा प्रश्न कोणा एका जमातीचा नाही. ग्रीसच्या पंतप्रधानांचा फोन ऐकला गेला, कर्नाटकातील पुढाऱ्यांचे ऐकले गेले, आणि खासगीपणाचा हक्क सर्वांसाठी मिळवून दिला तो एका निवृत्त न्यायमूर्तींनी. भारताचा नागरिक म्हणून, कायद्याच्या चौकटीत राहून, सभ्य भाषेत आणि माहितीच्या आधारे प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही. उलट ज्याच्यावर संशय येण्याची शक्यता अधिक, त्यालाच न्यायाधीशाच्या सहीची आणि पक्क्या नियमांची गरज अधिक. संशय हा पुरावा नव्हे, हे सांगणारा कायदा दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो.

तर माझे म्हणणे थोडक्यात असे. सरकारने मागावे, पण ठराविक माणसाविषयी, ठराविक गुन्ह्यासाठी मागावे. आदेश सचिवाने नव्हे, तर स्वतंत्र न्यायाधीशाने द्यावा. असे किती आदेश निघाले याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे यावा. ज्याचे बोलणे ऐकले गेले आणि ज्याच्याविरुद्ध काही सापडले नाही, त्याला पुढे केव्हातरी ते कळावे. आणि एकाला पकडण्यासाठी सर्वांची कुलपे कमकुवत करू नयेत.

पण हक्काबरोबर जबाबदारी येते. विद्यार्थी मित्रांनो, राईनपाड्याच्या अफवेला कोणा परग्रहावरच्या माणसाने पाय दिले नाहीत. आपल्यासारख्या माणसांनी अंगठ्याने एक बटण दाबले. जो निरोप वाचून संताप येतो तो पुढे पाठवण्यापूर्वी रात्रभर ठेवून द्यावा. ज्याचे मूळ ठाऊक नाही तो पाठवूच नये, मग तो धर्माच्या नावाने आलेला असो की देशाच्या. अफवा आपणच थांबवल्या तर किल्ली मागण्याचे सरकारचे एक मोठे कारण आपोआप दुबळे होईल. फोनला पक्के कुलूप लावा. ओटीपी किंवा पिन कोणी कितीही मोठ्या हुद्द्याचे नाव सांगून मागितला तरी देऊ नका. आणि ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी हे शास्त्र शिकावे. अल-किंदीचे नाव केवळ अभिमानाने घेऊन भागणार नाही. त्याने अक्षरे मोजली, तशी मेहनत करणारे हात या शाळांतून निघाले पाहिजेत. कोणी वकिलीकडे वळून हे खटले लढवावेत. आपल्या मुलींनीही यात मागे राहू नये.

पालकांना शेवटची एक विनंती. मुले लहान असताना त्यांच्या फोनवर लक्ष ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. पण ते सांगून ठेवा, चोरून ठेवू नका. "मी तुझा फोन पाहणार आहे, आणि का ते सांगतो," असे म्हणणाऱ्या बापावर मूल विश्वास ठेवते. मूल जसजसे मोठे होईल तसतशी ही तपासणी कमी करत जा. जे घर कारण सांगून आणि मर्यादा ठेवून विचारते, त्या घरातले मूल उद्या आपल्या सरकारकडूनही कारण आणि मर्यादा यांची अपेक्षा करील. चांगला नागरिक घडतो तो असा.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.